जपानला शेजार आठवला तेव्हा : 'विंटर सोनाटा'ची गोष्ट

तुमच्यापैकी बऱ्याच जणांची के-ड्रामाशी गाठ पडली असेल ती 2020च्या लॉकडाऊनमध्ये. कॉलेज बंद, रात्रीचे दोन वाजलेले, कानात इयरफोन आणि स्क्रीनवर 'क्रॅश लँडिंग ऑन यू'मधला तो उत्तर कोरियाचा कॅप्टन. (मणिपूरच्या वाचकांनी इथे खुशाल हसून घ्यावं. तिथे 2000 साली एका भूमिगत संघटनेने हिंदी सिनेमांवर बंदी घातली आणि पुढच्या काही वर्षांत केबलवरच्या अरिरांग वाहिनीमुळे कोरियन मालिका घराघरात गेल्या. ती वेगळी आणि मोठी गोष्ट आहे.) त्यामुळे के-ड्रामा म्हटलं की नेटफ्लिक्स, सबटायटल्स आणि विशीतली पोरंपोरी असं चित्र आपल्या डोळ्यांसमोर येतं.

या लाटेने एक अख्खा देश पहिल्यांदा ढवळून काढला तेव्हा यातलं काहीच नव्हतं. स्मार्टफोन नव्हता, स्ट्रीमिंग नव्हतं. चाहते म्हणाल तर चाळिशी ते साठीतल्या गृहिणी. देश जपान, वर्षं 2003 आणि 2004, मालिका 'विंटर सोनाटा'. आणि ती पाहून रडणाऱ्या या बायकांनी ज्या देशाच्या नटावर जीव टाकला, त्या देशावर त्यांच्याच आजोबा-पणजोबांच्या पिढीने 35 वर्षं राज्य केलं होतं. तिथल्या लोकांची भाषा शाळांतून हद्दपार केली होती, नावं बदलायला लावली होती. हा इतिहास मालिकेत कुठेही नाही. एका दृश्यातही नाही. तरी या मालिकेची गोष्ट सांगायची तर तो टाळता येत नाही.

आधी मालिका.

दिग्दर्शक युन सोक-हो यांनी केबीएस या कोरियाच्या सार्वजनिक वाहिनीसाठी चार ऋतूंवर चार प्रेमकथा केल्या. 2000 साली शरद ऋतू झाला, मग हिवाळा, उन्हाळा, शेवटी वसंत. त्यातला हिवाळा म्हणजे 'विंटर सोनाटा'. 20 भाग, 14 जानेवारी ते 19 मार्च 2002. जून-सांग नावाचा एक अबोल मुलगा चुनचॉन गावातल्या शाळेत बदलून येतो. आपला बाप कोण हे त्याला शोधायचं असतं. वर्गातल्या यू-जिनशी त्याची मैत्री होते, दोघं बर्फात भटकतात, प्रेमात पडतात. 31 डिसेंबरच्या रात्री भेटायचं ठरतं. ती वाट बघत राहते, तो येतच नाही. दुसऱ्या दिवशी शाळेत कळतं, अपघातात गेला.

दहा वर्षांनी यू-जिनचं लग्न बालमित्राशी ठरलेलं असतं आणि ऐन साखरपुड्याच्या दिवशी रस्त्यावरच्या गर्दीत तिला हुबेहूब जून-सांग दिसतो. हा माणूस अमेरिकेतून आलेला, चष्मा लावणारा, हसरा, आत्मविश्वासू. नाव मिन-ह्यंग. तिला तो ओळखत नाही. पुढे उलगडतं की तो जून-सांगच आहे. अपघातात त्याची स्मृती गेली आणि त्याच्या आईने एका मानसोपचारतज्ज्ञाच्या मदतीने त्याच्या डोक्यात नवा भूतकाळ भरला. नवं नाव दिलं, नवं बालपण दिलं, बापाचं नावही दिलं. प्रेमापोटीच दिलं. बिनबापाचं पोर म्हणून त्याने आयुष्यभर कुढू नये म्हणून.

यानंतर ही दोघं भावंडं तर नाहीत ना हा घोळ आहे, मेंदूतली गाठ आहे, शेवटी नायकाला अंधत्वही आहे. खरं सांगायचं तर आजच्या प्रेक्षकाला मालिका संथ वाटेल. पियानो वाजायला लागला की पुढची तीन मिनिटं कोणी बोलणार नाही हे तुम्हाला दुसऱ्या भागापासून कळतं. अख्ख्या प्रेमकथेत चुंबनं मोजकी, आणि तीही लाजरी. पण हा संथपणाच तिला पुढे कामी आला.

कोरियात मालिका चांगली चालली. पण तिथे ती बऱ्याच यशस्वी मालिकांपैकी एक होती. खरा भूकंप झाला तो समुद्रापलीकडे.

एनएचके म्हणजे जपानचं दूरदर्शन समजा, फक्त जास्त श्रीमंत आणि जास्त शिष्ट. एप्रिल 2003 मध्ये त्यांनी ही मालिका जपानीत डब करून आपल्या उपग्रह वाहिनीवर सुरू केली, म्हणजे तुलनेने आडबाजूला. प्रेक्षकांची पत्रं आणि फोन इतके आले की डिसेंबरमध्ये पुन्हा दाखवावी लागली. तरी मागणी थांबेना, म्हणून एप्रिल 2004 पासून मुख्य वाहिनीवर. वेळ शनिवारी रात्री 11 नंतरची. ज्या वेळी जपानी गृहिणी स्वयंपाकघर आवरून, नवरा झोपल्यावर एकटी असते, ती वेळ. ऑगस्टमध्ये शेवटचा भाग लागला तेव्हा अथेन्स ऑलिंपिक चालू होतं. तरीही तोक्यो आणि आसपासच्या भागात 20 टक्क्यांहून जास्त रेटिंग मिळालं. रात्री 11 नंतर, परदेशी मालिकेला, तिसऱ्यांदा दाखवताना.

नायकाचं काम करणारा बे योंग-जून तोवर 'योन-सामा' झाला होता. जपानीत नावापुढे 'सान' लावतात हे तुम्हाला माहीत असेल. 'सामा' त्याच्या वर. देवाला, राजघराण्यातल्या माणसांना आणि दुकानात आलेल्या गिऱ्हाइकाला 'सामा' लागतं. आपल्याकडे एखाद्या नटाला 'साहेब' म्हणतात, त्याच्याही एक पायरी वर. एप्रिल 2004 मध्ये तो पहिल्यांदा तोक्योला आला तेव्हा हानेदा विमानतळावर सुमारे 5 हजार चाहते जमले. नोव्हेंबरमध्ये नारिताला साडेतीन हजारांच्या आसपास. त्याच दौऱ्यात हॉटेलबाहेर त्याच्या गाडीभोवती झुंबड उडून काही बायका जखमी झाल्या आणि त्याने जाहीर माफी मागितली. चाहत्यांना तो 'फॅन' म्हणत नसे, 'कुटुंब' म्हणायचा. पंतप्रधान कोइझुमी जुनिचिरो यांनी त्या वर्षी गंमतीने म्हटलं की आपल्यालाही योन-सामासारखं 'जुन-सामा' व्हायला आवडेल. दाइ-इची लाइफच्या संशोधन संस्थेने दोन्ही देशांत मिळून या मालिकेचा आर्थिक परिणाम सुमारे 230 अब्ज येन इतका काढला.

आकडा मोठा आहे, पण तो बाजूला ठेवू. त्या वेळी जपानी पुरुषांच्या साप्ताहिकांनी या बायकांची जी टर उडवली, ती जास्त बोलकी आहे. 'ओबासान' या शब्दाचा अर्थ काकू किंवा मावशी, पण तो टोमणा म्हणूनही वापरतात. 'ओबासानना वेड लागलंय', 'नवऱ्याकडे लक्ष नाही, पोस्टरकडे आहे' अशा सुरातलं लिखाण भरपूर झालं. साठीतले पुरुष बेसबॉलपटूमागे धावले तर तो खेळाचा शौक, बायका नटामागे धावल्या की सामाजिक समस्या. हे आपल्याला नवीन नाही. त्याच सुमारास आपल्याकडे 'वादळवाट' चालू होती आणि मालिका बघणाऱ्या आई-आजीला घरातला प्रत्येक जण टोमणा मारून जात होता, स्वतः दारात उभा राहून अर्धा भाग बघत.

या बायका कोण होत्या? बहुतेकींचा जन्म युद्धानंतरचा. तरुणपण गेलं ते जपान झपाट्याने श्रीमंत होत होता त्या काळात. नवरे कंपनीला वाहून घेतलेले. 1990 नंतर ती श्रीमंतीही अडखळली. मालिकेतलं शाळकरी प्रेम, चोरून दिलेली पत्रं, हात धरायला लागणारा वेळ हे सगळं पाहून त्यांना आपलं तरुणपण आठवलं. 'आमच्याकडेही पूर्वी असंच होतं' ही प्रतिक्रिया इतकी सर्रास होती की अभ्यासकांनी तिच्यावर पुस्तकं लिहिली. तोक्यो विद्यापीठाच्या हायाशी काओरी यांचं 2005 सालचं पुस्तक तर चाहत्यांवरच आहे. दुसरे अभ्यासक इवाबुची कोइची यांनी या स्मरणरंजनात एक गोम दाखवली. कोरिया पाहून आपला भूतकाळ आठवतो असं म्हणताना कोरिया आपल्या मागे आहे हेही गृहीत धरलं जातं. कालचा जपान म्हणजे आजचा कोरिया. साम्राज्याच्या काळातही जपान आशियाकडे साधारण असंच बघत होता.

ही गोम खरी आहे. पण गोष्ट तिथे संपत नाही, कारण या बायका नुसत्या आठवणी काढत बसल्या नाहीत.

*

इथे थोडं मागे जायला हवं.

1910 मध्ये जपानने कोरिया गिळंकृत केला. 1945 पर्यंत ती वसाहत होती. शेवटच्या दशकात कोरियन माणसाला जपानी करून टाकण्याची मोहीम जोरात होती. 1939 च्या शेवटी हुकूम निघाला, फेब्रुवारी 1940 पासून अंमल सुरू झाला : कोरियन कुटुंबांनी जपानी पद्धतीचं घराण्याचं नाव घ्यावं. वरवर ऐच्छिक. प्रत्यक्षात नाव न बदलणाऱ्याला शाळेत, शिधावाटपात, नोकरीत अडवलं जायचं. सहा महिन्यांत सुमारे 80 टक्के कुटुंबांनी नावं नोंदवली. जिथे पिढ्यान्पिढ्यांच्या वंशावळी घरात जपून ठेवतात त्या समाजात. याशिवाय खाणींत, कारखान्यांत नेलेले मजूर होते. आणि लष्करासाठी नेलेल्या बायका होत्या, ज्यांच्याविषयी पुढची जवळजवळ पन्नास वर्षं कोणी जाहीर बोललं नाही. ऑगस्ट 1991 मध्ये किम हाक-सुन या बाईंनी स्वतःचं नाव सांगून पहिल्यांदा साक्ष दिली.

1945 नंतर जपानने हे सगळं फार चटकन मागे टाकलं. युद्धातले बळी म्हणून हिरोशिमा-नागासाकी आठवणीत राहिले. वसाहत विसरली गेली. 1965 मध्ये दोन्ही देशांत संबंध पुन्हा सुरू झाले, जपानने 30 कोटी डॉलर मदत आणि 20 कोटी डॉलर कर्ज दिलं आणि आपल्या बाजूने विषय मिटल्याचं मानलं. कोरियाने उलट बाजूने दार लावून घेतलं. जपानी गाणी, सिनेमे, मालिकांवर तिथे दीर्घकाळ बंदी होती. (अर्थात बंदी असली तरी माल येतोच. जपानी कॉमिक्स आणि गाण्यांच्या चोरट्या प्रती कोरियात फिरत होत्या, आणि 1990 च्या दशकातल्या कोरियन प्रेममालिकांवर जपानी मालिकांची छाप स्पष्ट दिसते. आपल्याच बी-बियाण्याचं पीक जपानने नंतर कोरियाकडून विकत घेतलं असं म्हटलं तर फार चूक नाही.)

ऑक्टोबर 1998 मध्ये अध्यक्ष किम दे-जुंग तोक्योला गेले. पंतप्रधान ओबुची केइझो यांनी वसाहतीच्या काळात झालेल्या यातनांबद्दल लेखी खेद व्यक्त केला आणि त्याच महिन्यापासून कोरियाने जपानी संस्कृतीवरची बंदी टप्प्याटप्प्याने उठवायला सुरुवात केली. 2002 मध्ये फुटबॉलचा विश्वचषक दोघांनी मिळून भरवला. जानेवारी 2004 मध्ये जपानी भाषेतल्या गाण्यांच्या सीडी कोरियात उघडपणे विकायला परवानगी मिळाली. म्हणजे सोलमधल्या दुकानात जपानी गाणं कायदेशीर झालं आणि तीनच महिन्यांनी हानेदाला योन-सामासाठी 5 हजार माणसं उभी होती. सरकारांनी दार किलकिलं केलं होतं. पण त्यातून इतकी गर्दी घुसेल असं दोन्हीकडच्या कुठल्याच अधिकाऱ्याला वाटलं नसावं.

*

आता आवाजाची गोष्ट. मला या सगळ्या प्रकरणात हीच सगळ्यात महत्त्वाची वाटते.

एनएचकेने दाखवलेली मालिका डब केलेली होती. योन-सामा जपानीत बोलत होता, हागिवारा मासातो या नटाच्या आवाजात. शिवाय वेळेत बसवण्यासाठी काही दृश्यं कापली होती. चाहत्यांना हे हळूहळू कळलं. मग मागणी सुरू झाली : आम्हाला त्याचा खरा आवाज ऐकायचाय. डिसेंबर 2004 मध्ये एनएचकेने मूळ कोरियन आवाजात, जपानी सबटायटल्ससह, न कापलेली मालिका दाखवली. लाखो जपानी घरांत कोरियन भाषा तास-तासभर ऐकू येऊ लागली.

ही भाषा जपानमध्ये नवखी होती असं नाही. ओसाकात, कावासाकीत, तोक्योच्या शिन-ओकुबोत ती बोलली जातच होती. पण मध्यमवर्गीय जपानी बाईच्या कानाला ती गरिबीची, कारखान्याची, 'त्या' वस्तीची भाषा होती. ती आता प्रेमाची भाषा झाली, आणि बायका ती शिकायला निघाल्या.

शिकायची कुठे? एनएचकेवरच एप्रिल 1984 पासून एक वर्ग चालू होता. त्याच्या नावाची कथा मजेशीर आहे. इंग्रजीचा वर्ग 'इंग्रजी', फ्रेंचचा 'फ्रेंच'. कोरियनचं काय करायचं? दक्षिण कोरियाच्या नावावरून 'कानकोकुगो' म्हणावं तर उत्तरेचे समर्थक नाराज, जुन्या 'चोसेन'वरून 'चोसेनगो' म्हणावं तर दक्षिणेचे. शेवटी दोन्ही टाळून लिपीचं नाव दिलं : 'हंगुल वर्ग'. म्हणजे मराठीच्या वर्गाला 'देवनागरी वर्ग' म्हणण्यासारखं. आपण शेजाऱ्याचे तुकडे पडण्यात गुंतलो होतो आणि आता त्याच्या भाषेला काय म्हणावं हेही आपल्याला सुचत नाही, हे त्या नावातून रोज सांगितलं जात होतं. इतकी वर्षं या वर्गाकडे फारसं कोणी फिरकलं नव्हतं. 2004 मध्ये त्याच्या पाठ्यपुस्तिकांना एकदम गिऱ्हाईक आलं. पन्नाशीतल्या बायका वहीत गोल आणि चौकोनी अक्षरं गिरवू लागल्या.

आणि मग प्रवास. 2003 मध्ये सुमारे 18 लाख जपानी लोक कोरियाला गेले, 2004 मध्ये 24 लाखांहून जास्त. 2003 मध्ये सार्सची साथ होती, त्यामुळे सगळी वाढ मालिकेच्या खात्यावर टाकता येणार नाही. पण कुठे गेले ते पाहिलं तर कारण दिसतं. चुनचॉन हे छोटं शहर, तोवर कोंबडीच्या मसालेदार परतलेल्या पदार्थासाठी प्रसिद्ध. तिथे जून-सांगचं घर म्हणून दाखवलेल्या घरासमोर जपानी पर्यटकांच्या बस थांबू लागल्या. आणि नामी बेट. गाप्यंगच्या धक्क्यावरून होडीने पाचेक मिनिटं. उंच मेटासेकोइया झाडांची दुतर्फा रांग, मधली वाट, त्या वाटेवरून सायकल चालवणारी जून-सांग आणि यू-जिन. मालिकेतला पहिला बर्फाचा बाहुला इथलाच.

नामी बेट मुळात बेट नव्हतं. नदीकाठचा उंचवटा होता, पुराच्या वेळी तेवढा तुटायचा. 1944 साली छंगप्यंग धरण झालं, उत्तर हान नदीचं पाणी चढलं आणि तो उंचवटा कायमचा पाण्याने वेढला गेला. धरण बांधलं जपानी राजवटीने, युद्धासाठी वीज हवी म्हणून. म्हणजे ज्या बेटावर साठ वर्षांनी जपानी बायका हळुवार प्रेमाच्या शोधात होडीतून उतरत होत्या, ते बेट त्यांच्याच देशाच्या साम्राज्याने घडवलेलं होतं. किती जणींना हे माहीत असेल कुणास ठाऊक. होडीवरच्या पाटीवर तरी हे लिहायची पद्धत नसते.

पण सोलमध्ये असं बिनबोभाट फिरता येत नाही. ग्यंगबोक राजवाडा प्रत्येक सहलीत असतो. तिथे 1895 मध्ये जपानी मारेकऱ्यांनी राणीला ठार मारलं ती जागा आहे. राजवाड्याच्या पुढ्यात जपानी गव्हर्नर-जनरलची भव्य इमारत होती, ती कोरियाने 1995-96 मध्ये पाडली. जपानी वकिलातीसमोर 1992 पासून दर बुधवारी वृद्ध बायका आणि त्यांचे समर्थक उभे राहतात. प्रेमकथा बघायला आलेल्या माणसाला हे शोधत जावं लागत नाही, ते वाटेत येतं. काही जणी बघून पुढे गेल्या असतील. काही जणींनी परत येऊन पुस्तकं उघडली. शाळेच्या पाठ्यपुस्तकात एक-दोन परिच्छेदांत आटोपलेला काळ त्यांनी साठीला आल्यावर पहिल्यांदा नीट वाचला. चाहत्यांचा अभ्यास करणाऱ्यांना अशा बायका पुन्हा पुन्हा भेटल्या. सगळ्या तशा नव्हत्या, हे ही त्याच अभ्यासांत आहे.

*

आणि घरातले कोरियन?

1945 मध्ये जपानमध्ये सुमारे 20 लाख कोरियन होते. बहुतेक परतले, 6 लाखांच्या आसपास राहिले. त्यांना आणि त्यांच्या वंशजांना 'झाइनिची' म्हणतात, शब्दशः 'जपानमध्ये असलेले'. 1952 मध्ये त्यांचं जपानी नागरिकत्व एका फटक्यात गेलं. तिथेच जन्मलेली, तिथलीच भाषा बोलणारी माणसं परदेशी ठरली, बोटांचे ठसे देऊन ओळखपत्र बाळगू लागली. कायम रहिवाशांसाठी ही ठशांची सक्ती 1993 मध्ये उठली. नोकरी, भाड्याचं घर, लग्न, सगळीकडे अडचण. त्यामुळे बहुतेकांनी बाहेर वापरायला एक जपानी नाव ठेवलं. घरात किम, शाळेत कानेदा किंवा कानेमोतो. बरीचशी ही नावं म्हणजे 1940 मध्ये लादलेलीच नावं. जपान गेला, वसाहत गेली, नाव राहिलं.

आता 'विंटर सोनाटा'ची कथा पुन्हा आठवा. भल्यासाठी म्हणून दुसरं नाव मिळालेला माणूस, आपण कोण होतो हे न आठवणारा, आणि रस्त्यात त्याला खऱ्या नावाने हाक मारणारी बाई. लेखिकांच्या मनात वसाहतीचा इतिहास होता असं मी मुळीच म्हणत नाही. स्मृतिभ्रंश हा कोरियन मालिकांचा आवडता मसाला आहे, आपल्याकडच्या प्लास्टिक सर्जरीसारखा. पण 2004 मध्ये जपानच्या घराघरात लोक या माणसासाठी रडत असताना त्याच गल्लीतली कानेदा बाई आपलं किम हे नाव लपवून तीच मालिका बघत होती, हेही घडत होतं.

तिचं काय झालं? उत्तर सरळ नाही. काहींना पहिल्यांदाच कोरियन असल्याची लाज वाटेनाशी झाली. आई-आजीची भाषा अचानक शेजारणी शिकू लागल्या, विचारायला येऊ लागल्या. जुलै 2004 मध्ये फुजी टीव्हीने सोमवारी रात्री नऊच्या मानाच्या वेळेत 'तोक्यो वानकेइ' ही मालिका आणली. नाकामा युकिए या लोकप्रिय अभिनेत्रीची नायिका झाइनिची होती. त्या वेळेत असं कधी झालं नव्हतं. पण इवाबुची यांचा आक्षेप इथेही लागू पडतो. झाइनिची बाईकडे लोक आता 'कोरियाहून आलेल्या संस्कृतीची प्रतिनिधी' म्हणून बघू लागले. तू कोरियन, मग योन-सामाबद्दल सांग. ती ओसाकात जन्मलेली, कोरियन धड न येणारी. जपानने तिला नागरिकत्व का नाकारलं, मतदानाचा हक्क का नाही, हा प्रश्न सोलच्या झगमगाटात आणखी मागे गेला. लांबचा कोरियन आवडायला सोपा असतो. तो दौरा संपवून विमानाने परत जातो.

*

प्रतिक्रियाही लगेच आली. 2005 मध्ये शिमाने प्रांताने ताकेशिमा दिवस जाहीर केला, म्हणजे कोरिया ज्याला दोकदो म्हणतो त्या खडकाळ बेटांवरचा दावा. कोइझुमी, तेच 'जुन-सामा', पंतप्रधान असेपर्यंत दर वर्षी यासुकुनी या युद्धस्मारक मंदिरात जात राहिले, जिथे दोषी ठरलेल्या युद्धगुन्हेगारांचीही पूजा होते. त्याच 2005 मध्ये 'केनकानर्यू' नावाचं कॉमिक पुस्तक आलं. नावाचा अर्थच 'कोरियन लाटेचा तिरस्कार'. वसाहतीत जपानने भलंच केलं, कोरियन लोक कृतघ्न, असा त्याचा सूर. ते धडाक्याने खपलं. ऑगस्ट 2011 मध्ये फुजी टीव्ही फार कोरियन मालिका दाखवते म्हणून तिच्या कार्यालयासमोर हजारोंनी निदर्शनं केली. 2012 मध्ये कोरियाचे अध्यक्ष दोकदोला जाऊन आले आणि त्या वर्षाअखेरच्या एनएचकेच्या 'कोहाकु' गाण्याच्या कार्यक्रमात एकही कोरियन कलाकार नव्हता. 2013 च्या आसपास तर शिन-ओकुबोत, जिथे योन-सामाची पोस्टरं विकणारी दुकानं उभी राहिली होती, त्याच रस्त्यांवर 'कोरियनांनो चालते व्हा' म्हणत मोर्चे निघाले. समोरून त्यांना विरोध करणारेही जपानीच होते. 2016 मध्ये द्वेषपूर्ण भाषणाविरुद्ध कायदा झाला, शिक्षेची तरतूद नसलेला.

मग मालिकेने साधलं काय? दोन देशांना जवळ आणलं हे वाक्य पर्यटन मंडळाच्या पुस्तिकेत ठीक आहे. सरकारं होती तिथेच राहिली, कधी कधी आणखी लांब गेली. माझ्या मते बदल झाला तो छोटा आणि चिवट आहे. 2003 पूर्वी जपानमध्ये कोरियाविषयी बोलणारे म्हणजे मुत्सद्दी, प्राध्यापक, डावे कार्यकर्ते आणि उजवे कार्यकर्ते. बहुतेक पुरुष. त्यानंतर कोरियात स्वतः जाऊन आलेल्या, थोडीफार भाषा येणाऱ्या, तिथे एखादी मैत्रीण असलेल्या बायका लाखोंनी झाल्या. टीव्हीवर कोणी 'कोरियन लोक असेच' म्हणालं की 'तुम्ही गेला आहात का?' असं विचारू शकणारी बाई घराघरात झाली. साप्ताहिकांनी टर उडवली ती हीच बाई. तिच्या मुली-नाती पुढे डोंगबांगशिन्गी, मग बीटीएस, मग ट्वाइस ऐकत मोठ्या झाल्या. आईला 'योन-सामा' म्हणून चिडवणाऱ्या मुली काही वर्षांनी आईबरोबरच कोरियन गायकांच्या मैफिलींना जाऊ लागल्या.

2018 मध्ये कोरियाच्या सर्वोच्च न्यायालयाने युद्धकाळातल्या सक्तीच्या मजुरांना जपानी कंपन्यांनी भरपाई द्यावी असा निकाल दिला. 2019 मध्ये जपानने काही महत्त्वाच्या रसायनांच्या निर्यातीवर निर्बंध आणले, कोरियात जपानी मालावर बहिष्काराची चळवळ पेटली. संबंध 1965 नंतर सर्वांत खालच्या पातळीला गेले असं दोन्हीकडची वर्तमानपत्रं लिहीत होती. आणि 2020 च्या वसंतात, तुम्ही आम्ही घरात बसून जे बघत होतो तेच जपानही बघत होता. 'क्रॅश लँडिंग ऑन यू' जपानमध्ये इतकी चालली की तिचं जपानी नाव त्या वर्षीच्या सर्वांत गाजलेल्या शब्दांच्या पहिल्या दहात गेलं. 2004 मध्ये त्याच यादीत 'फुयुसोना' होतं, 'विंटर सोनाटा'चं जपानी लाडकं नाव.

या वेळी जपानी पुरुषही उघडपणे बघत होते, आणि त्याबद्दल कोणी त्यांना ओजिसान म्हणून हिणवलं नाही.

एनएचकेवरचा तो भाषेचा वर्ग अजून चालू आहे. आता त्याला विद्यार्थ्यांची कमी नाही. नावात मात्र आजही भाषा नाही, फक्त लिपी आहे.